मैदानाभोवती जुळलेली नाती

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, इटली, क्रोएशियातून असंख्य कुटुंबं ऑस्ट्रेलियात आली. भाषा परकी, गोतावळा दूर. त्यांनी सॉकरचे क्लब काढले. सामना हे निमित्त. तिथं लग्नं ठरत, नोकऱ्यांच्या खबरा मिळत. माझ्या मते ऑस्ट्रेलियन सॉकरचा खरा पाया हाच.

याचंच एक उदाहरण म्हणजे अँजे पोस्टेकोग्लू. तो पाच वर्षांचा असताना ग्रीसहून मेलबर्नला आला. वडील त्याला साउथ मेलबर्न हेलास या ग्रीकांच्या क्लबच्या सामन्यांना नेत. पुढे तो त्याच संघाचा कर्णधार झाला. प्रशिक्षक होते हंगेरीचे थोर खेळाडू फेरेन्क पुश्काश. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण ग्रीक येई. मग अँजे त्यांना गाडीतून ने-आण करी, खेळाडूंसाठी दुभाष्याही होई. १९९१मध्ये संघानं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. २०१५मध्ये पोस्टेकोग्लूंच्याच मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियानं आशिया चषक जिंकला.

२०२३च्या महिला विश्वचषकानं तर घरंच्या घरं या खेळाकडे ओढली. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियानं फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६ असं हरवलं, तेव्हा मुलीबाळींसह कुटुंबं टीव्हीसमोर खिळली होती. आणि त्या संघाची कर्णधार सॅम कर हिच्या वडिलांचा जन्म आपल्या कोलकात्याचा!