समेपर्यंतचा वेळ



संगीतावरचा माहितीपट पाहताना मी आधी एकच गोष्ट तपासतो : गाणं रंगात आलं की निवेदक किती वेळा मध्ये बोलतो? आपल्याकडे हे सर्रास चालतं. विलंबित एकतालात ख्याल चालू असतो. बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट सहज घेतं. गायक आलापी करत मुखड्याकडे वळतो, तबलजी ठेका भरत आणतो, मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य मान वर करतो आणि नेमका त्याच क्षणी गाण्याचा आवाज खाली जातो. मग जन्मगाव, गुरूंचं नाव, पुरस्कारांची यादी. ज्या समेसाठी तो सगळा खटाटोप होता, तीच गिळली जाते. सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी संगीतपट करणाऱ्याने जन्मभर कशासाठी भांडावं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, या एका मिनिटासाठी. बजेट आणि पारितोषिकं नंतर पाहू.

बीबीसीत घडलेल्या ख्रिस्तोफर न्यूपेन यांनी ते भांडण जिंकून दाखवलं. ऑगस्ट १९६९मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी शूबर्टच्या ‘ट्राउट’ क्विंटेटचं चित्रण केलं. पियानोवर बारेनबॉइम, व्हायोलिनवर पर्लमन, व्हायोलावर झुकरमन, चेलोवर जॅकलिन दु प्रे आणि डबल बासवर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. आवाज न करणारे १६ मिमीचे कॅमेरे तेव्हा नुकतेच हाताशी आले होते, त्यामुळे कलावंतांच्या अगदी जवळ जाता येत होतं. न्यूपेन यांनी आधी पडद्यामागची तालीम आणि थट्टामस्करी दाखवली आणि मग अख्खी रचना सलग वाजू दिली. १९७३मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे दु प्रे यांचं वादन थांबलं. नजरेने एकमेकांना इशारे देत, हसत वाजवणारी ती तरुणी आज आपल्याला दिसते, कारण तिच्यावर कुणी निवेदन चढवलं नाही.

यावर आक्षेप येतो की, संगीताला इतिहास असतो आणि तो बोलल्याशिवाय कसा कळणार? आक्षेप रास्त आहे. केन बर्न्स यांची ‘जॅझ’ ही मालिका २००१मध्ये अमेरिकेच्या पीबीएसवर आली : दहा भाग, जवळपास एकोणीस तास. वर्णद्वेषाची कहाणी वगळून जॅझ सांगताच येणार नाही आणि ती कहाणी नुसत्या ट्रम्पेटमधून उलगडत नाही. १९६०नंतरची चाळीस वर्षं शेवटच्या एका भागात उरकली म्हणून त्या मालिकेवर टीका झाली. माझी तक्रार वेगळी आहे. एवढे तास हाताशी असूनही बहुतेक वादन तुकड्यातुकड्यांनी, कुणाच्या तरी बोलण्याखाली दबून ऐकू येतं. बोलावं, भरपूर बोलावं. पण वादन सुरू झालं की थांबावं, एवढंच म्हणणं.

दुसरा आक्षेप ताजा आहे : अख्ख्या मैफली आता यूट्यूबवर आहेत, मग हा हट्ट कशाला? तिथला कॅमेरा बहुधा गायकाच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो. कुठे पाहायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवायला गाणं कळणारा माणूस लागतो. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९८२मध्ये ‘ध्रुपद’ करणारे मणि कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकत होते. त्यांच्या चित्रपटातला कॅमेरा आलापाइतकाच धीराने चालतो. असा धीर बाजारातली वाहिनी पोसणार नाही. म्हणून तर सार्वजनिक वाहिनी हवी.

अर्ध्या तासाचाच स्लॉट मिळतो, हे खरं. मग चरित्र पाच मिनिटांत आटपा आणि एक बंदिश पुरती द्या. शिवाय करारात एक कलम घालून घ्या : संकलनात गळलेलं चित्रण पुसलं जाऊ नये. टेप महाग म्हणून खुद्द बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. आपल्याकडे कुणाकडे काय शिल्लक आहे, याची यादी करण्याचा ठराव मी या संमेलनापुढे ठेवतो.