संकेतस्थळ बंद पडले तरी अर्ज हरवू नये

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाची सेवा आता मोठ्या प्रमाणात संगणकाच्या पडद्यावरून लोकांपर्यंत पोहोचते. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. अनेक दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ या पोर्टलवर अर्ज करता येतो. यामुळे लोकांचे हेलपाटे वाचले, हे कोणीही मान्य करील.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आपण सर्वजण जाणतो. अर्ज अर्धा भरला असता पान निघून जाते. मोबाईलवर ओटीपी येत नाही. शुल्क खात्यातून वजा होते, पण पावती निघत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ एवढेच उत्तर मिळते. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली भगिनी परत जाते. ती दुसऱ्यांदा येते, तिसऱ्यांदा येते आणि चौथ्यांदा येत नाही. तिचे नाव प्रलंबित अर्जांच्या यादीतही दिसत नाही, कारण जो अर्ज दाखलच झाला नाही, त्याची नोंद कोठेच नसते. कार्यालयाच्या दृष्टीने तिने काही मागितलेलेच नसते! आजच्या विषयाचे गांभीर्य येथे आहे.

दुरुस्ती कशी होते?

यंत्रणेत बिघाड होणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशात आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी १ ऑक्टोबर २०१३ रोजी शासकीय संकेतस्थळ सुरू झाले. पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नोंदणी पुरी झाली. विमा योजना पाहण्याआधी प्रत्येकाने खाते उघडावे, अशी रचना होती. त्यामुळे दारातच गर्दी कोंडली. पूर्वचाचणी अपुरी होती. काम अनेक कंत्राटदारांत वाटलेले होते आणि संपूर्ण यंत्रणेची जबाबदारी एका ठिकाणी नव्हती.

मग काय केले? दोषांची यादी केली. ज्या दोषाने अधिक लोक अडतात तो आधी, असा क्रम लावला आणि रोज बैठक घेऊन आढावा घेतला. १ डिसेंबरपर्यंत ४०० हून अधिक दुरुस्त्या झाल्या. नोव्हेंबरच्या आरंभी निम्म्याहून कमी वेळ चालणारे संकेतस्थळ ९५ टक्क्यांहून अधिक वेळ चालू लागले. दरम्यान दूरध्वनीचा व कागदी अर्जाचा मार्ग खुला होता. एप्रिल २०१४ मध्ये नोंदणी ८० लाखांवर गेल्याचे जाहीर झाले. त्यात राज्यांच्या स्वतंत्र व्यवस्थांतील नोंदणीही होती. यंत्रणा सुधारली हे खरे, पण लोकांनी पाठ फिरवली असती, तर त्या सुधारणेचा उपयोग काय?

आपल्या राज्यातील अनुभव याहून जवळचा आहे. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकांसाठी डिसेंबर २०२० मध्ये उमेदवारी अर्ज संगणकावर भरावयाचे होते. संकेतस्थळ मंदावले, तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने शेवटच्या दिवशी, ३० डिसेंबरला, पारंपरिक कागदी अर्ज स्वीकारण्यास परवानगी दिली व वेळ सायंकाळी ५.३० पर्यंत वाढविली. तक्रारी मुदतीपूर्वी पोहोचल्या आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्यांनी दुसरे दार उघडले. या दोन गोष्टी जुळल्या, म्हणून अडचण दूर झाली.

चिकाटीची रीत

तेच बटण शंभर वेळा दाबणे म्हणजे चिकाटी नव्हे. चिकाटीला नोंदीची जोड हवी. अर्ज अडला की तारीख, वेळ आणि कोणत्या पानावर अडला ते लिहून ठेवावे. पडद्यावर उमटलेल्या संदेशाचे छायाचित्र घ्यावे. शुल्क वजा झाले असल्यास व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि खात्री केल्याविना पुन्हा पैसे भरू नयेत. मग लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्यावी. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काही उमगत नाही. ‘आधार क्रमांक भरल्यावर पान पुढे जात नाही’ यावरून उमगते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. मुदत टळल्यास दोन अपिले विभागातच करता येतात. तिसरे आयोगाकडे करता येते. पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र मुदतीची गणना अर्ज दाखल झाल्यापासून होते. म्हणून दाखल होऊ न शकलेल्या अर्जाची नोंद सर्वांत मोलाची.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे, की ग्रामपंचायतीत अशा अडलेल्या अर्जांची एक साधी वही ठेवावी आणि दर आठवड्यास तिची प्रत तहसील वा पंचायत समिती कार्यालयाकडे पाठवावी. एकट्याची तक्रार अपवाद वाटते. चाळीस नोंदी एकाच पानाकडे बोट दाखवू लागल्या की तो दोष ठरतो. शिक्षकांनी शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या आठवड्यावर सोडू नयेत, कारण गर्दी तेव्हाच होते. अधिकाऱ्यांनी ‘उद्या या’ म्हणण्याऐवजी नाव लिहून घ्यावे, वरिष्ठांना कळवावे आणि मुदत संपण्यापूर्वीच मुदतवाढीचा वा कागदी अर्जाचा प्रस्ताव पाठवावा. संकेतस्थळ सुरू झाल्यावर त्या वहीतील माणसांना निरोप देऊन बोलावणे हेही आपलेच काम आहे.

यंत्र आज ना उद्या दुरुस्त होईल. तोपर्यंत चौथ्यांदा न आलेल्या त्या भगिनीचे नाव आपल्या वहीत असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!