सड्यावरच्या रेघा



सातबाराच्या उताऱ्यावर जिला ‘पोटखराबा’ म्हणतात, त्या जमिनीविषयी मी आज बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे रत्नागिरी-राजापूरकडची. तेव्हा जांभ्या दगडाचा उघडा सडा म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. तेथे भात होत नसे आणि सुरुंग लावल्यावाचून आंब्याचे कलमही लागत नसे. म्हणूनच तो सर्वस्वी आम्हां मुलांचा होता.

पावसाळ्यात त्या कातळावर पाण्याच्या रेघा उमटत. बोट-दोन बोटे खोल अशा त्या चरांतून पावले टाकीत निघालो की फिरून मूळ जागी येत असू. कोठे माशासारखा आकार, कोठे नुसता चौकोन आणि त्यात नागमोडी वळणे. आजीला विचारले की ती म्हणे, “पांडवांनी एका रात्रीत कोरले ते. त्यावर नाचू नका!” नाचल्यावाचून आम्ही राहत नसू, हे वेगळे.

आता त्यांना कातळशिल्पे म्हणतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. शेजारी उभे राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. उंचावरून पाहावे लागते. काही ठिकाणी गेंडाही आहे, जो आज कोकणात कोठेच नाही. २०२२ साली महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरणारे कोण आणि काळ कोणता, याविषयी विद्वानांचे एकमत नाही.

पण आपल्या गावांचे बहुतेक सडे कोणत्याही यादीत नाहीत. त्याच जांभ्याला चिऱ्यांसाठी मागणी आहे आणि चिरेखाणीचे यंत्र पहिला हात फिरविते ते नेमके वरच्या थरावर. हे सडे पुष्कळदा सामाईक. मुंबईत बसलेल्या आपल्याच घरी संमतीचे कागद येतात आणि ‘पडीकच तर आहे’ म्हणून सह्या होतात. माझी विनंती एवढीच, की सही करण्यापूर्वी घरातील एकाने तरी तो सडा चालून यावा. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती चिऱ्यांचाच कठडा बांधला आहे, तोही जाता जाता पाहावा.

यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा चर पाण्याने भरलेले असतील. चढताना चपला खालीच ठेवाव्या. गवताखालच्या रेघा डोळ्यांआधी तळव्याला कळतात.