लाल निशाणवाल्याचा वारस



विषय हॉर्नचा असला तरी सुरुवात मी हॉर्न नसलेल्या रस्त्यापासून करणार आहे. इंग्लंडात 1865 साली एक कायदा झाला. वाफेवर चालणारी गाडी रस्त्यावर आणायची, तर तिच्यापुढे साठ यार्डांवर, म्हणजे पंचावन्न मीटरवर, लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे. वेगमर्यादा गावात ताशी 2 मैल, गावाबाहेर 4. आपल्याकडे स्वारीपुढे भालदार-चोपदार चालत ते मानासाठी. हा चालत होता तो मागून येणाऱ्या धोक्याची वर्दी देत. आणि गंमत पाहा, त्याच कायद्याने गाडीची शिट्टी कोणत्याही कारणासाठी वाजवायला चक्क बंदी घातली होती. घोडे बुजतात म्हणून.

या माणसाला मुख्य कामं दोन होती. समोरून येणाऱ्या घोडेस्वारांना सावध करायचं, हे एक. दुसरं असं, की गरज दिसताच मागे वळून गाडीवानाला 'थांब' अशी खूण करायची. हे दुसरं काम लक्षात ठेवा, कारण पुढे तेच हरवलं.

1896 साली कायदा बदलला, वेग ताशी 14 मैलांपर्यंत वाढला आणि निशाणवाल्याची नोकरी गेली. त्याऐवजी गाडीवर घंटा किंवा नीट ऐकू जाईल असं एखादं वाद्य सक्तीचं झालं. म्हणजे लोकांना सावध करायचं काम यंत्राकडे आलं. गाडीवानाला थांबवायचं काम कुणाकडेच आलं नाही. माझ्या मते हॉर्नचा सगळा इतिहास या अर्ध्या बदलीत आहे.

सुरुवातीला रबरी फुग्याचा पितळी भोंगा आला. आपल्या जुन्या रिक्षांना होता तोच. फुगा दाबला की हवा पत्तीवरून जाते आणि 'पों' होतं. हात दुखला की आवाज थांबतो, हा त्याचा मोठा गुण. मग 1908च्या सुमारास अमेरिकेत क्लॅक्सन आला. त्यात पोलादी पडद्याच्या मधोमध एक खुंटी, आणि तिच्यावर घासत फिरणारं दातेरी चाक. चाकाला वेग येताना आवाज चढतो, थांबताना उतरतो. जुन्या चित्रपटांतल्या गाड्यांचं ते 'आऊगा' तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात खंदकांत विषारी वायूची सूचना द्यायला हेच क्लॅक्सन वाजवत. याचा जनक मिलर रीस हचिसन. त्यानेच आधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. एकाच माणसाने दोन्ही टोकं सांभाळली म्हणायची!

आजचा हॉर्न विद्युतचुंबकाचा. बटण दाबलं की चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला जाताना स्वतःचाच वीजप्रवाह तोडतो. प्रवाह तुटला की पडदा मागे येतो आणि प्रवाह पुन्हा जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. दोन मीटरवर हा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, पण काचा लावून आत बसलेल्याच्या कानी त्याचा थोडाच भाग पडतो. दणका बाहेरच्याला. शिवाय बोटाला कष्ट नाहीत.

हॉर्न मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. घाटात आंधळ्या वळणावर 'हॉर्न वाजवा' ही पाटी शहाणपणाची आहे. मुरलेला एसटीचालक तिथे काय करतो ते बघा. आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, मग हॉर्न देतो आणि पलीकडून उत्तर येतंय का ते ऐकतो. निशाणवाल्याची दोन्ही कामं तो एकटा करतो. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवरच्या पिवळ्या पोस्टबसला तर रोसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेराच्या पूर्वरंगातले तीन स्वर दिले आहेत. वळणाआड ते ऐकू आले की समोरच्याने बसला वाट द्यायची.

शहरात मात्र पाय काढायचं राहून जातं, नुसतं बोट दाबलं जातं. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. हॉर्नने त्यातला एक मीटरही कमी होत नाही. सिग्नलला उभं असताना वाजणाऱ्या हॉर्नबद्दल तर बोलायलाच नको. मुंबई पोलिसांनी 2020च्या सुरुवातीला त्यावरच्या एका प्रयोगाची चित्रफीत दाखवली होती: आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लोक हसले, पण हॉर्न आणि थांबणं यांची गाठ एवढ्या उघडपणे क्वचितच कुणी घातली असेल. कायदाही आपल्याकडे आहे. 2019च्या दुरुस्तीनुसार विनाकारण, सतत किंवा सुरक्षिततेसाठी लागतो त्याहून जास्त हॉर्न वाजवला तर 1000 रुपये दंड, पुन्हा सापडल्यास 2000. पण 'लागतो त्याहून जास्त' हे ठरवणार कोण? हॉर्नवाल्याला विचाराल, तर त्याचा प्रत्येक हॉर्न लागणाराच असतो.

आता विजेच्या गाड्या आल्या आणि उलटीच पंचाईत झाली. त्या इतक्या हलक्या पावलांनी येतात, की दृष्टिहीन माणसाला त्यांची चाहूलच लागत नाही. म्हणून युरोपात जुलै 2021पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीने ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगात स्वतःहून आवाज केलाच पाहिजे. गाडी वेग घेते तसा त्याचा सूर चढतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ती जोर धरतेय की मंदावतेय हेही कळतं. त्याला 75 डेसिबलची वरची मर्यादा आहे, आणि चालकाच्या रागालोभाशी त्याचा काही संबंध नाही.