ताई, आमचा संडास कुठल्या पानावर?

(वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या शिबिरात एका माजी नगरसेविकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

'नगरसेविका आणि नागरिक यांच्यातला संवाद' यावर मला बोलायला सांगितलंय. मी दोन वेळा नगरसेविका होते, पण खरं सांगायचं तर हा संवाद मी फार उशिरा शिकले. तो कसा शिकले, तेवढंच आज सांगते.

1997 साली आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तोवर मी मंडळात काम करत होते. रेशनचे मोर्चे, दारूचे गुत्ते बंद करणं, नवऱ्यांच्या मारहाणीच्या केसेस, हे सगळं तुमच्यासारखंच. निवडून आले आणि दुसऱ्या दिवसापासून दारात रांग लागली. कुणाला दाखला हवा, कुणाचं गटार तुंबलंय, कुणाच्या नळाला पाणी नाही. घरी फोन आला की पहिला प्रश्न, "साहेब आहेत का?" साहेब म्हणजे माझा नवरा! तो म्हणायचा, "साहेब नाहीत. बाईसाहेब आहेत, देऊ का?" हे सांगताना हसू येतं, पण ज्या घरात नवरा असं म्हणत नाही, तिथे बाई फक्त सहीपुरती उरते. त्या काळी अशा मैत्रिणी मी सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या पाहिल्या आहेत.

पहाटेपासून रात्रीपर्यंत मी कामं करत होते. 'ताई कामं करतात' असं लोक म्हणायचे. मला वाटलं, संवाद तो हाच.

मग संडासाची गोष्ट घडली. वस्तीच्या खालच्या अंगाला बायकांसाठी संडास मंजूर करून आणला. नारळ फोडला, बोर्ड लावला, त्यावर माझं नाव. सहा महिन्यांनी बघते तर बायका पुन्हा नाल्याकडे जाताहेत. मला राग आला. म्हटलं, एवढं करून दिलं तरी वापरत नाहीत! एक म्हातारी आजी शांतपणे म्हणाली, "ताई, दार कुठल्या बाजूला हाय ते बघितलं का?" दार रस्त्याकडे होतं. समोर पत्त्यांचा अड्डा. गल्लीत दिवा नाही. रात्री तरण्या पोरींनी तिथे जायचं कसं? नकाशा इंजिनिअरनं काढला, ठेकेदारानं बांधला, मी मंजूर केला. तो जिच्यासाठी होता तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. बाई असूनही नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा वस्तीत सभा घ्यायला लागले. पहिली सभा रात्री नऊला ठेवली, पक्षाच्या सभा असतात तशी. पुरुष आले. बायका भाकऱ्या थापत होत्या. मग दुपारी साडेतीनला, समाजमंदिरात घेतली. धुण्याभांड्याची कामं उरकून बायका आल्या. माइक लावला तर कुणी बोलेना. माइक काढला, सतरंजीवर गोल करून बसलो, तेव्हा तोंडं उघडली. या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार हे त्यांवरच ठरतं.

सभेत एक वही ठेवली. तिला तीन रकाने. तक्रार काय, काम कुणाचं, आणि झालं की नाही. नसेल तर का नाही. पहिला रकाना सगळ्यांना येतो. दुसरा भरताना आम्ही सगळ्याजणी महापालिका शिकलो. झाडणकामाची तक्रार आधी मुकादमाकडे जाते, पाण्याची वेळ पाणीपुरवठा खात्याचा माणूस सांभाळतो, रेशनकार्ड महापालिकेचं कामच नाही. हे कळल्यावर निम्मी रांग माझ्या दारातून हलली आणि बायका स्वतःच क्षेत्रीय कार्यालयात जाऊ लागल्या. काही सहकारी म्हणाले, "असं शिकवत बसलात तर तुम्हाला विचारणार कोण?" मनातून मलाही ती भीती वाटली होती, हे कबूल करते.

सगळ्यात अवघड तिसरा रकाना. एका मार्चमध्ये अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक मी सभेत नेलं. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात फेरफार करते, मग मुख्य सभेत ते मंजूर होतं, असं समजावत होते. तेवढ्यात एकीनं विचारलं, "ताई, आमचा संडास कुठल्या पानावर?" आम्ही शोधलं. दार फिरवायला आणि गल्लीत दिवे लावायला गेल्या वर्षी तरतूद होती. काम मात्र झालेलं नव्हतं. "मग पैसे गेले कुठं?"

मला उत्तर माहीत होतं. वर्ष संपत आलं की 'वर्गीकरण' नावाचे ठराव येतात. एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे. दहा-बारा विषय एका दमात पुकारतात आणि सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणतात. आमच्या दिव्यांचे पैसे एका कमानीला गेले होते, आणि त्या 'मंजूर'मध्ये माझा आवाज होता. कागद न वाचता.

काय सांगावं? प्रशासनानं केलं, असं म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी मी खरं सांगितलं. बायका चिडल्या. दोघी उठून गेल्या. पुढच्या महिन्यात मात्र त्या परत आल्या, आणि येताना म्हणाल्या, "आता सभेचा कागद आला की आधी आमच्यापुढं वाचायचा." तेव्हापासून कार्यपत्रिका आधी सतरंजीवर वाचली जायची, मग सभागृहात. दिवे लागायला आणखी दीड वर्ष लागलं. पण ते लागले.

मैत्रिणींनो, आज परिस्थिती बदलली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 मध्ये एक तृतीयांश जागा दिल्या, 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. सभागृहात बायका पुष्कळ दिसतात. पण 2017 साली मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत चार-चार जणांचे प्रभाग झाले. चौघांपैकी कुणाला विचारायचं? प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पुढे 2022 मध्ये अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट 2026च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. अंदाजपत्रकं झाली, ठेके निघाले, विचारायला सभागृह नव्हतं. लोकांची विचारायची सवयच मोडली.

आता संवाद म्हणजे चकचकीत कार्यअहवाल, चौकातले फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपचा गट, ज्यात फक्त नगरसेवकच लिहू शकतो! आणि तो फोनही बहुधा मुलाच्या हातात. बाईपर्यंत पोचतो तो वाढदिवसाचा फोटो.

ग्रामसभा गावाला माहीत असते. गावात तर तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे. शहरासाठी 2009 साली आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. मतदारांची सभा, नगरसेवकानं बोलवायची. इथे बसलेल्यांपैकी कितीजणी अशा सभेला गेल्या आहेत, हात वर करा. बघा. म्हणजे कायदा कपाटात पडून आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. नव्यानं निवडून आलेल्यांना हारतुरे देऊन झाले असतील. आता प्रत्येक मंडळानं एक पत्र लिहावं. क्षेत्रसभा कधी घेणार? दुपारी घ्या. चौघेही या. अंदाजपत्रकाचं पुस्तक घेऊन या. पत्राची पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा. आणि नगरसेविका झालेल्या मैत्रिणींना सांगते, जे जमलं नाही ते आधी सांगा. लोक रागावतात, पण सोडून जात नाहीत. माझा तरी तसा अनुभव आहे.

वही तुम्ही आजच घ्या. तीन रकाने आखा. पुढच्या शिबिरात मी तिसरा रकाना बघायला येणार आहे.

जिंदाबाद!