सैनिकाचे उत्तरायुष्य : शासनाचे कर्तव्य, समाजाचे ऋण

(माजी सैनिकांची शुश्रूषा आणि पुनर्वसन या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



सैनिक म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर सीमेवर सज्ज उभा असलेला तरुण जवान येतो. नाहीतर येते ती तिरंग्यात लपेटलेल्या हुतात्म्याची अंत्ययात्रा. त्या यात्रेला गावे लोटतात, बाजारपेठा स्वयंस्फूर्तीने बंद राहतात. हे योग्यच आहे. परंतु या दोन चित्रांच्या पलीकडे तिसरे एक चित्र आहे आणि तिकडे समाजाची नजर क्वचितच वळते. ते आहे वृद्ध झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा चाकांच्या खुर्चीत आयुष्य कंठणाऱ्या माजी सैनिकाचे.

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात. सैन्य तरुण राहावे म्हणून साधा जवान चाळिशीच्या आसपास, कित्येकदा त्याआधीच, सेवामुक्त होतो. म्हणजे सैन्यात घालविलेल्या वर्षांच्या दुपटीहून अधिक वर्षे तो आपल्यामध्ये, नागरी समाजात, घालवितो. सेवेतील वर्षांची काळजी त्याच्या पलटणीने वाहिलेली असते. त्यापुढच्या वर्षांची काळजी कोणी वाहायची, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

सभासदाने नोंदविलेली रीत

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचे पारिपत्य झाल्यानंतर शिवछत्रपतींनी काय केले, याची नोंद त्या बखरीत आहे. जे लढाईत कामी आले त्यांच्या मुलांना महाराजांनी पुढे चालविले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन बांधून दिले. जे जखमी झाले त्यांना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली.

आज ज्याला अपंगत्व निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात, त्या दोहोंमागचा विचार या नोंदीत स्पष्ट दिसतो. जखम जितकी मोठी तितका आधार मोठा, आणि सैनिकाच्या माघारी त्याचे घर ही राज्याची जबाबदारी. विशेष म्हणजे विजयाच्या आनंदात या गोष्टी मागे पडल्या नाहीत. सत्कार, बक्षिसे आणि जखमींची व्यवस्था ही एकाच वेळची कामे मानली गेली.

राज्याने आपला वाटा उचलला आणि उरलेला भार गावाने व घराने वाहिला. सातारा तालुक्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान धारातीर्थी पडले. अशा गावांत सैनिक परत येत असे तो भरल्या घरात. भावजया, पुतणे, शेजारी आणि त्याच्याच पलटणीतून आलेले सोबती अवतीभवती असत. म्हातारपणी औषध देणारे, रात्री उठून पाणी देणारे हात घरातच होते. आज तेच घर दोन वृद्धांचे झाले आहे. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये, मुलगी सासरी. गावात निवृत्त सुभेदार आणि त्यांची पत्नी. त्यातील एकाला पक्षाघात झाला किंवा स्मृतिभ्रंश जडला, की दुसऱ्याचे आयुष्यही अंथरुणाशी बांधले जाते. निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते. पण निवृत्तिवेतन कूस पालटून देत नाही.

खडकीचा वारसा

अशा शुश्रूषेची एक मोठी परंपरा पुण्याजवळ खडकी येथे उभी आहे. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते खडकीला आले आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने आजही ओळखले जाते. हात वा पाय गमावलेल्या जवानाने नवा व्यवसाय शिकावा आणि स्वतःच्या कष्टावर उभे राहावे, ही त्यामागील कल्पना.

परंतु ज्याचा मज्जारज्जूच दुखावला आहे त्याचे काय? १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला आणि १९७४ मध्ये खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. कमरेखालचे, कित्येकांचे तर मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांचे हे घर. खडकीच्याच लष्करी रुग्णालयात अशा दुखापतींवर उपचार करणारे विशेष केंद्र आहे. तेथील उपचार जिथे संपतात, तिथून या घराचे काम सुरू होते.

हे काम किती बारकाईचे असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. मज्जारज्जू निकामी झाला की केवळ चालणे थांबत नाही, स्पर्शाची जाणीवही जाते. आपण झोपेत नकळत कूस बदलतो. या सैनिकाला ती कोणीतरी बदलून द्यावी लागते, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. त्यात हयगय झाली तर हाडाच्या उंचवट्यावरची त्वचा दबून जखम होते. वेदना नसल्यामुळे ती त्याला कळतही नाही आणि पुढे ती हाडापर्यंत जाते. लघवीवरचा ताबा गेलेला असतो. तेथे स्वच्छता चुकली की जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. शत्रूच्या गोळीतून वाचलेला माणूस अशा साध्या दुर्लक्षाने जाऊ शकतो. म्हणूनच या क्षेत्रात औषधाइतकेच मोल नियमित, जाणत्या हातांना आहे.

त्याच बरोबरीने मोल आहे ते मनाच्या उभारीला. या केंद्रात खेळ आहेत, कार्यशाळा आहे, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे सैनिक आहेत. तेथील रहिवाशांपैकी अनेकांना रणांगणावर नव्हे, तर डोंगरातील वाहन अपघातात, सरावात किंवा पडझडीत इजा झालेली असते. त्यांच्या वाट्याला वीरपदक येत नाही, वृत्तपत्रातील छायाचित्र येत नाही. सेवेतील धोका मात्र त्यांनीही तितकाच पत्करलेला असतो.

एका जलतरणपटूची कथा

मुरलीकांत पेटकर हे नाव अलीकडे चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. सांगली जिल्ह्यातील या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यातली एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

या कथेतील एक धागा सहसा सांगितला जात नाही. पेटकर यांना परदेशी स्पर्धांना जाण्यासाठी साहाय्य केले ते नामवंत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या सेवासंस्थेने. लष्करी रुग्णालयाने प्राण वाचविले, सैन्याने शिस्त दिली आणि पुढचा हात समाजातील एका सज्जनाने दिला. हे तीन दुवे जुळले म्हणून सुवर्णपदक आले. शासनाचा मान यायला मात्र वेळ लागला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. तोवर हायडेलबर्गला अर्धशतक उलटून गेले होते.

शासनाचा वाटा

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, सुरू झाली. त्यापूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयातील उपलब्धतेवर अवलंबून राहावे लागे. या योजनेमुळे पॉलिक्लिनिकांचे जाळे उभे राहिले आणि मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयांची दारे उघडली. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि मदतनिसाची गरज असलेल्या निवृत्तिवेतनधारकाला परिचर भत्ता मिळतो. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत, ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक साहाय्य दिले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, सैनिकांच्या पाल्यांसाठी वसतिगृहे आहेत.

तरीही फटी राहतात. प्रशिक्षण काळातच जायबंदी होऊन घरी पाठविलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा नसल्यामुळे वर्षानुवर्षे ईसीएचएसचा लाभ नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयाने हा लाभ त्यांना लागू केला. ज्या तरुणांचे शरीर विशीतच निकामी झाले, त्यांच्या माता-पित्यांनी तोवर हा भार एकट्याने वाहिला.

दुसरी फट अधिक व्यापक आहे. योजनेचे स्वरूप मुख्यतः उपचाराचे आहे. शस्त्रक्रिया होते, देयक भरले जाते, रुग्णाला घरी सोडले जाते. त्यानंतरची पाच-दहा वर्षे, ज्यात उपचार थोडा आणि सेवा अपार, ती कुटुंबाच्या माथी पडतात. दीर्घकालीन शुश्रूषेची घरे देशात फार थोडी आहेत. खडकी आणि मोहाली येथील केंद्रे मोलाची खरी, पण ती मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशी वर्षांच्या हवालदाराने कोठे जावे?

दार बंद झाले की

इतर देशांनी यासाठी घरे बांधली. लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये चेल्सी येथे रॉयल हॉस्पिटल स्थापन केले. लाल अंगरखा घातलेले तेथील वृद्ध सैनिक आजही लंडनच्या अभिमानाचा विषय आहेत. ते आपले सैनिकी निवृत्तिवेतन संस्थेला देतात आणि संस्था त्यांना निवास, भोजन, शुश्रूषा आणि बरोबरीच्यांची सोबत देते. अमेरिकेत तर प्रत्येक राज्यात माजी सैनिकांसाठी निवासगृहे आहेत.

पण नुसती इमारत पुरी पडत नाही, हा धडाही अमेरिकेनेच दिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथील सैनिकगृहात २०२० च्या वसंतात कोरोनाची साथ शिरली. कर्मचारी अपुरे पडले म्हणून २७ मार्च रोजी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे दोन कक्ष एकत्र करण्यात आले. बाधित आणि निरोगी वृद्ध एका दालनात दाटीने आले. किमान ७६ माजी सैनिक मृत्युमुखी पडले. दुसरे महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम येथून जिवंत परतलेली ही माणसे. साथीमुळे नातेवाइकांच्या भेटी बंद होत्या, त्यामुळे आत काय चालले आहे हे पाहणारी बाहेरची नजरही उरली नव्हती. संपन्न देश, शासकीय निधी आणि सुसज्ज इमारत असतानाही हे घडले. ज्या घरात समाजाचे रोजचे येणे-जाणे नाही, तेथे उपेक्षा लवकर शिरते आणि उशिरा कळते.

समाजाचा वाटा

म्हणून आपल्याकडे घरे अवश्य उभी राहावीत, पण ती वस्तीच्या मध्ये असावीत आणि त्यांची दारे उघडी असावीत. तोवर प्रत्येक वस्तीला करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक पैशाची नाहीत.

पहिले काम माहितीचे. आपल्या गावात, आपल्या प्रभागात किती माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा एकट्या राहतात, याची यादी किती ठिकाणी आहे? ती करणे हे चार तरुणांचे आठवडाभराचे काम आहे.

दुसरे काम कागदपत्रांचे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून चालते. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे, एवढ्या तफावतीने विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन अडते. सासरचे नाव बदललेली, लिहिता-वाचता न येणारी वृद्धा या फेऱ्यांत थकून जाते. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, वकील यांनी महिन्यातून एक सकाळ दिली, तर हा गुंता सुटू शकतो. शक्य तर सैनिक हयात असतानाच हे नाव तपासून घ्यावे.

तिसरे काम विसाव्याचे. अंथरुणाला खिळलेल्या सैनिकाची पत्नी कित्येक महिने देवळात गेलेली नसते, माहेरच्या लग्नाला गेलेली नसते. आठवड्यातून चार तास कोणी विश्वासाने तिच्या जागी बसले, तर ते साहाय्य कोणत्याही अनुदानात मोजता येणार नाही. परिचारिका प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि वस्तीतील भगिनींना कूस पालटणे, जखम ओळखणे, उचलून बसविणे या गोष्टी शिकविता येतात.

चौथे काम सन्मानाचे. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी निधी द्यावाच. परंतु माजी सैनिकाला दयेचा विषय करू नये. तो शिस्त, नकाशावाचन, यंत्रज्ञान, संकटातील धीर जाणतो. शाळेतील मुलांना त्याच्याकडे न्यावे आणि त्याच्याकडून शिकावे. ज्याची गरज कोणाला तरी आहे, तो माणूस लवकर खचत नाही.

सज्जनहो, सैनिकाने राष्ट्राशी केलेला करार अमर्याद असतो. वेळ आली तर प्राणही देईन, असे तो पहिल्याच दिवशी मान्य करतो. समोरच्या पक्षाने, म्हणजे समाजाने, आपली बाजू निवृत्तीच्या तारखेपर्यंत मर्यादित ठेवणे न्यायाचे नाही. शिवछत्रपतींनी जखमेचे मान पाहून होन दिले. आज त्या जखमेजवळ बसण्याचे काम उरले आहे, आणि ते कोणत्याही खजिन्यातून होणारे नाही. येत्या रविवारी आपल्या वस्तीतील एका माजी सैनिकाच्या घरी जावे, त्याची आणि त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जावे. यादीचे पहिले नाव तेथेच लिहिले जाईल.