हिशोब एकाच पेटीत नको
(प्रभाग संघाच्या सभेतील मनोगत)

आपला सगळा हिशोब संघाच्या एकाच कॉम्प्युटरात होता. सॉफ्टवेअर ओळखीच्या मुलानं बनवलेलं. तो नोकरीला पुण्याला गेला, अन् मशीन बंद पडलं. पासबुकं गोळा करून तीन आठवडे आकडे जुळवले; तोवर दोन समूहांचं बँक कर्ज अडलं.

आता मोबाईलवर लोकओएस आलंय. त्यातला हिशोब दूरच्या सर्व्हरवर राहतो. फोन फुटला तरी पाठवलेल्या नोंदी शाबूत. रेंज नसताना भरलेली नोंद मात्र रेंजमध्ये येऊन पाठवायचीच.

माझं मत नव्यालाच. पण काम दोघींना यावं, बैठकीत आकडे मोठ्यानं वाचावेत, आणि वही सोडू नये. पंचसूत्रीतलं दप्तर लेखन आपलंच काम आहे, यंत्राचं नाही.